टाच टेकवण्याआधी

३ ऑक्टोबर, मंगळवार

आज सकाळी पलंगावरून उतरताना डाव्या टाचेत कुणीतरी खिळा ठोकला. कुणीतरी म्हणजे खोलीत फक्त रिफेत होता, तोही घोरत. शिवाय त्याच्याच्याने खिळा सरळ ठोकला जात नाही हे बावीस वर्षांच्या संसारात सिद्ध झालेलं आहे.

पाच आठवडे हेच चाललंय. पहिलं पाऊल टाकलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. भिंत धरून न्हाणीघर गाठायचं. वीसेक पावलांनंतर दुखणं जरा विरतं आणि मी स्वतःची समजूत घालते, की गेलं बुवा. दुपारी ते परत हजर.

संस्कृतात एम. ए. करताना टाचेला पार्ष्णि म्हणतात हे पाठ केलं होतं. जुन्या वैद्यांनी या दुखण्याला ‘वातकंटक’ असं भारदस्त नाव ठेवलंय. नाव ठेवून ते मोकळे झाले, काटा माझ्या पायात राहिला.

ही वही अशासाठी की हे कुणाला सांगायची सोय नाही. एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन त्यांना आंघोळ घालायची, सूप करून द्यायचं, गोळ्या घशाखाली उतरल्या की नाही ते बघायचं, हे आमच्या संस्थेचं काम. वरच्या मोहल्ल्यातली पाच घरं माझ्याकडे आहेत. चार जण माझ्यावाचून कसेबसे निभावतील. पाचवी शेम्साआजी. वय सत्त्याऐंशी, कमरेखालचं अंग जवळजवळ गेलेलं. तिच्याकडे दिवसातून दोनदा जावं लागतं. बोस्नियातल्या डोंगरउतारावरचे हे मोहल्ले म्हणजे शिडीला घरं टांगल्यासारखे. तिथे चढायला दुसरी बाई मिळत नाही. कालिंदीची, म्हणजे माझी, टाच गेली हे कचेरीत कळलं, की वरचा मोहल्ला बंद आणि शेम्साआजीची रवानगी खोऱ्यापलीकडच्या वृद्धाश्रमात.

“तिथे धाडलंस तर आठवड्यात मरेन,” ती म्हणते. “आणि मेल्यावर रोज तुझ्या स्वप्नात येऊन कॉफी मागेन.”

मी हसते. ती हसत नाही.

८ ऑक्टोबर, रविवार

सुट्टी. शेम्साआजीकडे रविवारी तिची शेजारीण असते. मी घराबाहेर पाऊल टाकलं नाही. पालकाची पिटा, म्हणजे इथली सारण भरलेली पातळ पापुद्र्यांची गुंडाळी, लाटली, स्वयंपाकघराची फरशी पुसली, इस्त्री केली. संध्याकाळी टाच कामाच्या दिवसापेक्षा जास्त दुखते. चढ नाही, दगडी पायऱ्या नाहीत, तरी जास्त. विश्रांतीने वाढणारा रोग मला झालाय. पापही असंच काहीतरी केलेलं असणार.

१० ऑक्टोबर, मंगळवार

रिफेतला कळलं. मी भिंत धरून चालताना त्याने पाहिलं.

“वाऱ्याची झुळूक,” तो म्हणाला.

या देशात सगळ्या रोगांचं मूळ एकच आहे, समोरासमोरच्या दोन उघड्या खिडक्या. दाढदुखी, वांझपण, जावयाची नोकरी जाणं, सगळं झुळकीने होतं.

“टाचेला झुळूक लागते?”

“टाच ही शरीराची खिडकी आहे,” रिफेत म्हणाला. तीस वर्षं शहर-बस चालवून निवृत्त झालेला माणूस आहे, इतक्या आत्मविश्वासाने फक्त चालकच बोलू शकतो. “ते लोकरीचे मोजे घाल. आईने विणलेले. पाय उबदार ठेव, बाकी मी काही सांगत नाही.”

त्यानंतर तो अर्धा तास सांगत होता.

शेजारची आडविया कोबीचं पान घेऊन आली. लाटण्याने ठेचून, टाचेला बांधून, वर मोजा. “अगं, माझ्या बहिणीच्या गुडघ्याची सूज तीन दिवसांत उतरली!” आज पहिला दिवस. घरभर कोबीचा वास. टाच आहे तशीच, पण आता ती ताटात वाढण्यासारखी झालीय.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

पाच घरं, शेम्साआजीच्या दोन धरून सहा फेऱ्या. टाचेचा आलेख काढावा असं मनात आलं, म्हणून नोंद. सकाळी उठताना खिळा. चढण चढताना बरं, अगदी विसरण्याइतकं. पाचांपैकी एक असलेल्या हिल्मोसरांच्या घरी भांडी घासताना पुन्हा सुरू. बाहेर पडल्यावर बरं. शेम्साआजीकडे तिचं अंथरूण बदलताना, तिला कुशीवर वळवताना असह्य. उतरताना पुन्हा बरं.

मला वाटतं, चढ उधारीवर छळतो. चढताना गप्प राहतो आणि माणूस घरात शिरला की वसूल करतो.

प्रत्येक दाराशी तोच विधी. बूट पायरीवर काढायचे, टाचा दाराकडे करून नीट लावायचे, आणि घरधनिणीने काढून ठेवलेले लोकरीचे मोजे पायांत सरकवायचे. शेम्साआजीकडचे मोजे लाल-काळे, तिनेच बोटं चालत होती तेव्हा विणलेले. तिच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा आहे, लग्नातला. त्याखाली जुन्या ओक लाकडाची जमीन. गालिचा इतका झिजलाय की पायाला लाकडाच्या गाठी लागतात. पण तिच्या मते तो अजून नवा आहे आणि मी तो अजून नीट झटकत नाही.

“डाव्या कोपऱ्यात चुरा आहे,” ती पलंगावरून म्हणाली.

“आजी, तुम्हाला तिथून दिसतंय?”

“दिसायला कशाला पाहिजे? तू झटकलंयस ना, म्हणजे असणारच.”

१७ ऑक्टोबर, मंगळवार

नवे बूट घेतले. आत जाड मऊ गादी, टाचेला खोलगट वाटीसारखी बैठक, कमानीखाली उंचवटा. शहाण्या माणसाने बनवलेले. दिवसभर वर-खाली केलं, रस्त्यावर एकदाही कळ नाही. दगडी पायऱ्यांवरसुद्धा नाही! दर घराच्या पायरीवर ते काढताना जिवावर येतं, पण बाहेर पडताना पुन्हा पायांत येणार हा आनंदही असतो.

उद्या सकाळी खिळा नसेल असं वाटतंय.

१८ ऑक्टोबर, बुधवार

खिळा होता.

२६ ऑक्टोबर, गुरुवार

शेवटी डॉक्टरकडे गेले. गावाबाहेरच्या दवाखान्यात, म्हणजे कचेरीपर्यंत बातमी जाणार नाही. डॉक्टर यासेंका, चाळिशीची, पायात दवाखान्यातल्या जाड पांढऱ्या लाकडी चपला, बोलण्यात साखर नाही. तिने अंगठ्याने टाचेच्या आतल्या बाजूला एक जागा दाबली. मी मराठीत ओरडले. “भाषा कळली नाही, पण जागा बरोबर आहे,” ती म्हणाली.

तिने कागदावर पाऊल काढलं. टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखाली एक जाड पट्टा असतो, धनुष्याच्या दोरीसारखा. आपण उभे राहिलो की कमान दबते आणि दोरी ताणली जाते. रोज तासन्तास, टणक जमिनीवर, आधाराशिवाय ताण पडला की टाचेशी जिथे ती बांधलेली असते तिथे बारीक बारीक चिरते. रात्री पाय सैल पडतो, दोरी आखडते, चिरा जरा सांधतात. सकाळी पहिल्या पावलाला त्या पुन्हा उसवतात. माझा खिळा तो हाच. वीस पावलांनी दोरी सैल होते म्हणून बरं वाटतं; बरं झालेलं नसतं.

क्ष-किरणाच्या चित्रात टाचेखाली हाडाचा एक छोटा काटा दिसतो. रिफेत सोबत होता, तो पुढे झुकला. “कापून टाका तो.”

“तो निरपराध आहे,” डॉक्टर म्हणाली. “पुष्कळांना असतो आणि दुखत काहीच नाही. नवऱ्यासारखा.”

उपाय: अंथरुणातून उठण्याआधी तळव्याला टॉवेल अडकवून पाय स्वतःकडे ओढायचा, मग पायरीच्या कडेवर उभं राहून पोटरी ताणायची. संध्याकाळी बर्फ झालेल्या पाण्याच्या बाटलीवर तळवा फिरवायचा. आणि चांगले बूट. बूट दाखवले. ती खूश झाली.

“आणि अनवाणी अजिबात चालायचं नाही.”

“मी कधीच अनवाणी नसते,” मी म्हटलं.

“छान.”

“घरातसुद्धा नाही,” रिफेतने साक्ष दिली. “मी मोजे घालायला लावतो.”

“छान,” डॉक्टर म्हणाली आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली. सहा महिने ते वर्ष लागेल म्हणाली. मला वर्ष नाही, हे तिला काय सांगणार?

३१ ऑक्टोबर, मंगळवार

टॉवेल, पायरी, बाटली. एकही दिवस चुकवलेला नाही. पाठांतराची सवय असलेल्या बाईला व्यायाम जड नाहीत. सकाळची पहिली कळ थोडी बोथट झालीय, तेवढंच. दिवसभराचं दुखणं तसंच.

आज शेम्साआजीला पलंगावरून खुर्चीत घेताना तिचा सगळा भार माझ्या डाव्या पायावर आला, टाचेत वीज कडाडली आणि माझा गुडघा दुमडला. ती माझ्या अंगावर पडली. मी खाली, ती वर, गालिच्यावर. लागलं नाही. ती म्हणाली, “लग्नाच्या रात्रीपासून असं कुणी झोपवलं नव्हतं.”

मी हसायला लागले आणि मग मला थांबवता येईना, आणि ते हसणं नव्हतं.

“कुणाला सांगू नकोस,” ती म्हणाली. “मी पण नाही सांगत.”

आम्ही दोघी जमिनीवर पडून एकमेकींना वचनं देत होतो. मला भीती वाटते.

२ नोव्हेंबर, गुरुवार

विल्डानाने पाहिलं. आमच्या कचेरीची प्रमुख, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, मला ताई म्हणते. मी एका घराच्या आतल्या जिन्यावरून मोज्यांत एकेक पायरी, डावा पाय वाकडा ठेवून उतरत होते. ती खाली उभी.

“किती दिवस, कालिंदीताई?”

खोटं बोलायचं ठरवलं होतं. तोंडातून “दहा आठवडे” निघालं.

“आणि शेम्साआजीला तुम्ही एकट्या उचलता.”

मी उरलेल्या दोन पायऱ्या उतरले.

“पंधरा तारखेला मी वर येते. तुम्ही तिला उचलून खुर्चीत बसवा, मी फक्त बघेन. नाही जमलं तर त्याच दिवशी वृद्धाश्रमाचा अर्ज भरू. ताई, ही शिक्षा नाही. पण उद्या तुमच्या हातून ती पडली आणि खुबा मोडला, तर?”

ती दुष्ट असती तर बरं झालं असतं. तिचं सगळं बरोबर आहे.

४ नोव्हेंबर, शनिवार

काही लिहिण्यासारखं नाही. न्हाणीघरात नळ सोडून रडले. रिफेत दाराबाहेरून म्हणाला, “झुळूक आहे तिथे, बाहेर ये.” मी आले. माझा पाय मांडीवर घेऊन तो बाटली फिरवत बसला.

७ नोव्हेंबर, मंगळवार

हिल्मोसर. गावच्या शाळेत गणित शिकवलेले, माझ्या पाच घरांपैकी एक. सकाळचं आवरून मी पायरीवर बूट बांधून उठले, तोच आत धप्प आवाज झाला. दार ढकलून तशीच धावले. ते स्वयंपाकघरात पडलेले, तोंड एका बाजूला ओढलेलं. फोन केला, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. मग रुग्णवाहिकेची माणसं आली, जाड बुटांनी, चिखलासकट, स्ट्रेचर घेऊन. सर अर्धवट शुद्धीत होते. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं आणि जिभेने शब्द जेमतेम गोळा करून म्हणाले, “बूट... बाई... बूट.”

“सर, मला माफ करा.”

“शून्य गुण,” ते म्हणाले. त्यांना घेऊन गेले.

घराची दशा झाली होती. चिखल, पाणी, उलटलेली खुर्ची. आता बूट काढून काय राखायचं होतं? तशीच साडेतीन तास घासत-पुसत राहिले. ते परत आले तर घर असंच दिसायला नको. संध्याकाळी दवाखान्यातून कळलं, धोका टळलाय.

आजीकडे आज फक्त एकदाच गेले. ती म्हणाली, “म्हातारे एकेक करून जातायत, मला मात्र अर्ज भरून नेणार.” तारीख तिला कळली आहे. कुणी सांगितलं कोण जाणे.

८ नोव्हेंबर, बुधवार

आज उठले, टॉवेल ओढला, पाय टेकवला आणि थांबले. खिळा कुठेय? होता, पण कुणीतरी हातोडा काढून घेतल्यासारखा. काल एवढी धावपळ, एवढं उभं राहणं, आणि आज बरं?

“घाबरल्यावर बरं होतं म्हणतात,” आडविया म्हणाली. “म्हणूनच शिसं वितळवून भीती उतरवतात ना इथे. तुझी उतरली.”

“मग मी रोज तुला घाबरवत जाऊ?” रिफेतने आशेने विचारलं.

९ नोव्हेंबर, गुरुवार

आज पुन्हा सगळं पूर्ववत. आजीकडे दुपारी उभी राहून भेंडीचं सूप ढवळताना टाच अशी पेटली की पळी हातातून सुटली. काल बरं, आज नाही. का?

घरी येऊन ही वही पहिल्या पानापासून वाचली. परीक्षेआधी वाचावी तशी. बारा ऑक्टोबरचं पान दोनदा वाचलं. चढताना बरं. घरात शिरल्यावर दुखतं. बाहेर बरं. घरात असह्य. रविवारी दिवसभर घरात, सर्वांत जास्त. परवा साडेतीन तास टणक फरशीवर, घरात, आणि सकाळी बरं.

परवा मी घरात बूट घातलेले होते.

दोन महिने मी चढणीला शिव्या घालतेय. चढण बिचारी. तिला पायांत बूट भेटत होते. दिवसाचे आठ तास मी टणक लाकडावर आणि फरशीवर उभी असते, उचलते, वाकते, आणि पायांत विणलेली लोकर. उबदार, सुंदर, आणि पावलाच्या दृष्टीने काहीच नाही.

अनवाणी चालायचं नाही, असं डॉक्टर म्हणाली होती. मी म्हटलं, मी कधीच अनवाणी नसते.

१० नोव्हेंबर, शुक्रवार

डॉक्टरला फोन लावला. “लोकरीचे मोजे म्हणजे अनवाणी का?”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज.

“तुम्ही दिवसभर घरोघरी काम करता. म्हणजे दिवसभर...” ती थांबली. “अरे देवा. मी विचारलंच नाही. मी स्वतः घरी मोज्यांतच असते, ताई. इथे सगळेच असतात. माझ्या डोक्यातच आलं नाही.”

“माझ्याही नाही. आणि मी जिथली आहे तिथेही चपला दाराशीच काढतात.”

“घरात वापरायला वेगळे बूट घ्या. तसेच, आधाराचे. ज्यांनी रस्ता पाहिला नाही असे. आधी फरक पडेल, मग हळूहळू बरं होईल. आणि एकटीने माणूस उचलताना ते पायांत असलेच पाहिजेत. असलेच.”

दुकानातून सरळ पेटीत घालून आणले. आजच दोन घरी विचारलं. एका आजोबांनी नाक मुरडून बूट उलटे करून तळ बघितले, वास घेतला आणि परवानगी दिली. दुसरीकडे सुनेने बुटांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवून दोरी बांधली. चालताना मी भाजीच्या जुडीसारखी वाजत होते. पण पाय! किती दिवसांनी मी उभी होते आणि फक्त उभी होते.

शेम्साआजीला उद्या.

११ नोव्हेंबर, शनिवार

नाही म्हणाली.

मी सगळं समजावलं, दोरी, चिरा, पंधरा तारीख. नवे बूट तिच्या पांघरुणावर ठेवले, तळ दाखवले, कोरे. तिने हात लावला नाही.

“गालिच्यावर बूट नाही.”

“आजी, हे बाहेर गेलेच नाहीत.”

“बूट तो बूट.”

“मग विल्डाना तुम्हाला नेईल.”

“नेऊ दे.”

मी चिडले. म्हणाले, “तुम्हाला तुमच्या जिवापेक्षा हा फाटका गालिचा मोठा?” बोलायला नको होतं.

ती भिंतीकडे तोंड करून होती. मग तिने सांगितलं. लढाईच्या दुसऱ्या वर्षी, दुपारी, ती याच खोलीत पीठ मळत होती. चार जण आले. दार वाजवलं नाही, बूट काढले नाहीत. गालिच्यावरून सरळ पलीकडच्या खोलीत गेले आणि तिच्या नवऱ्याला घेऊन त्याच वाटेने परत गेले. तो मोज्यांत होता. त्याचे बूट पायरीवरच राहिले.

“त्यानंतर हा गालिचा मी सात वेळा धुतला,” ती म्हणाली. “सात वेळा. आता जा, सूप गार होतंय.”

बूट पेटीत घालून पेटी काखेत मारून मी उतरले. काय म्हणून लिहू?

१३ नोव्हेंबर, सोमवार

मोज्यांत काम केलं. तिला खुर्चीत घ्यायचा प्रयत्न दोनदा केला, दोनदा सोडला. तिने विचारलं, “परवा?” मी म्हटलं, “परवा.” कॉफी तिने अर्धी टाकली. बावीस वर्षांत या देशात कॉफी टाकणारं माणूस मी पाहिलं नव्हतं.

१४ नोव्हेंबर, मंगळवार

रिफेतला म्हटलं, तू ये, तू उचल. तो म्हणाला, येतो. पण विल्डाना त्याला नोकरीवर ठेवणार नाही आणि आजी परक्या पुरुषाला अंगाला हात लावू देणार नाही. आम्ही दोघांनी मान डोलावली आणि बसून राहिलो.

तिचे कपडे कोणते बांधायचे याचा विचार मी आज केला. निर्लज्जासारखा, आधीच.

१५ नोव्हेंबर, बुधवार

विल्डाना अकराला येणार होती. मी नऊला गेले. आजीचे डोळे रात्रभर उघडे असावेत असे.

“गालिचा गुंडाळ,” ती म्हणाली.

“काय?”

“ऐकू येतं ना? गुंडाळ. पलंगाखाली ढकल. त्याच्यावर पुन्हा बूट नको. लाकडाने काय पाप केलंय? लाकडावर चाल.”

गुडघ्यांवर बसून मी गुंडाळला. खाली ओकच्या फळ्या, साठ वर्षं ऊन न लागल्याने मधासारख्या पिवळ्या. काल परत वर आणलेली पेटी पायरीवर होतीच. बूट घातले आणि दारातून आत आले.

फळ्यांवर बूट वाजला. ठक. ठक.

आजीने पांघरूण दोन्ही मुठींत धरलं. चेहरा भिंतीकडे. मी थांबले. तिचा श्वास मला दारातून ऐकू येत होता.

“काढते,” मी म्हटलं. “आजी, काढते मी.”

“थांब.” तिने पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं. “बोलत ये.”

“काय बोलू?”

“काहीही. तुझ्या भाषेत बोल. कळलं नाही तरी चालेल. ते आले तेव्हा एक शब्दही बोलले नव्हते. फक्त बूट.”

इतकी वर्षं घोकलेलं काव्य, स्तोत्रं, सगळं ऐनवेळी कुठे गेलं कोण जाणे. तोंडात आली ती शाळेतली धातुरूपं. गच्छामि, गच्छावः, गच्छामः. जाते, आपण दोघी जातो, आपण सगळ्या जातो. एकेक रूप, एकेक पाऊल. कपाटापर्यंत वर्तमानकाळ, खिडकीपर्यंत भूतकाळ, पलंगाशी पोचेपर्यंत भविष्यकाळ. पलंगाशी तिने मुठी सोडल्या होत्या.

“प्रार्थना आहे का ही?”

“नाही. क्रियापद आहे.”

“बरं आहे,” ती म्हणाली. “चालू ठेव.”

अकराला विल्डाना आली. मोज्यांत, उंबऱ्यावर उभी राहिली. उघड्या फळ्या पाहिल्या, माझे बूट पाहिले, मी स्वतःशी पुटपुटतेय हे पाहिलं, आणि मला वाटतं, एका अर्जाऐवजी दोन भरावे लागणार असं तिला वाटलं असावं. मी आजीच्या काखांखाली हात घातले, डावा पाय रोवला, भार घेतला. टाच दुखली. दुखली, पण पाय दुमडला नाही. तिला वळवून खुर्चीत बसवलं, मांडीवर शाल टाकली, आणि हे सगळं होईपर्यंत बोलणं थांबवलं नाही.

विल्डानाने खुर्चीतल्या आजीकडे एकदा नीट पाहिलं. मग वहीत लिहिलं. “मार्चअखेरपर्यंत,” ती म्हणाली. “मार्चमध्ये पुन्हा बघू.”

“मार्चमध्ये मी मेलेली असेन,” आजी म्हणाली. “पण इथे.”

२७ नोव्हेंबर, सोमवार

टाच सकाळी अजून दुखते. डॉक्टर म्हणते उन्हाळ्यापर्यंत चालेल. टॉवेल, पायरी, बाटली, आणि स्वयंपाकघरातही बूट. रिफेतची आई वरून बघत असेल तर तिने डोळे मिटून घ्यावेत.

आज आजीकडे कपडे पिळताना बाहेर बर्फ पडायला लागलं. मी खिडकीशी क्षणभर बघत उभी राहिले आणि तशीच तिच्या खोलीकडे वळले. आत गेले तर ती उशीतून अर्धी उठून दाराकडे बघत होती, चेहरा पांढरा, पांघरूण मुठीत.

“मीच आहे, आजी.”

तिला परत उशीवर टेकायला वेळ लागला. मग तिने पाणी मागितलं, प्यायली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “सात पावलं तू बोलली नाहीस. मी मोजली.”

दुपारभर मी त्या घरात एकही पाऊल गप्प टाकलं नाही.